ठळक, अरुंद, तिरका देवनागरी टाइप: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दहीहंडीचा फलक, कबड्डी स्पर्धेचा बॅनर, नाटकाची जाहिरात, गोविंदा पथकाचा टी-शर्ट. मुंबईत अशा कामांना जाड, चिंचोळं आणि पुढे झुकलेलं अक्षर लागतं, कारण जागा कमी असते आणि नाव लांबून दिसायला हवं असतं. ते बहुतेक वेळा असं तयार होतं: नेहमीचा बोल्ड फॉन्ट घ्यायचा, कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये त्याची रुंदी ६० टक्के करायची, मग तिरका करायचा, आणि अक्षर बारीक वाटलं की त्याच रंगाची आउटलाइन चढवायची.

यात काय बिघडतं ते आकड्यांत पाहा. मूळ अक्षराचा उभा दांडा १२० युनिट (युनिट म्हणजे टाइपच्या आकाराचा हजारावा भाग), शिरोरेषा ९० आणि ‘व’च्या पोटातली पोकळी १५० युनिट आहे असं धरू. रुंदी ६० टक्के केली की दांडा ७२ होतो आणि पोकळी ९० होते, पण शिरोरेषा ९०च राहते, कारण दाबलं फक्त आडवं. आता दांड्यापेक्षा शिरोरेषा जाड. त्यावर चारही बाजूंनी १५ युनिटांची आउटलाइन चढवली, तर दांडा १०२, शिरोरेषा १२० आणि पोकळी ६०. शब्द जाड पट्टीखाली चेपल्यासारखा दिसतो, आणि छपाईत पोकळी बुजली की ‘व’ नुसता ठिपका होतो.

खालचा क्रम स्वतःचा फॉन्ट बनवणाऱ्यांसाठी आहे आणि एकाच शीर्षकाची अक्षरं रेखाटणाऱ्यांसाठीही. आकडे १००० युनिटांच्या चौकटीचे आहेत.

१. सर्वांत लहान आकार आधी ठरवा

हा टाइप कुठे लागणार हे ठरल्याशिवाय पोकळी किती ठेवायची ते कळत नाही, आणि पोकळी ठरल्याशिवाय जाडी ठरत नाही. मोठ्या बॅनरवर काहीही खपतं. खरी परीक्षा लहान आकारात होते.

हिशेब सोपा आहे. पोकळी ७० युनिट असेल तर २४ पॉइंटला ती ०.५९ मिमी आणि १८ पॉइंटला ०.४४ मिमी होते. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, म्हणून तिथे २४ पॉइंटच्या खाली जायचं असेल तर पोकळी ८५-९० युनिट हवी. टी-शर्टवरच्या स्क्रीन प्रिंटिंगला १ मिमीहून कमी फट टिकेल असं धरू नका. ७० युनिटांच्या पोकळीसाठी शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अक्षर किमान १ सेमी उंच ठेवा. व्हिनाइल (चिकट प्लास्टिक) कापायचं असेल तर २ मिमीहून लहान तुकडे चिमट्याने उचलताना कडा फाटतात. तिथे अक्षराची उंची सुमारे २ सेमी ही खालची मर्यादा.

तपासणी: कागदावर एक ओळ लिहून ठेवा, ‘सर्वांत लहान वापर इतक्या मिमीचा, कमीत कमी पोकळी इतक्या युनिटांची’. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर याच आकड्याकडे परत यायचं आहे.

२. सरळ उभं अक्षर काढा, तिरकं नाही

हीच पायरी सगळ्यात जास्त उलटी केली जाते. आधी तिरकं करून नंतर दाबलं तर कोनही बदलतो: १२ अंशांचा कल ६० टक्के रुंदीला ७ अंशांवर येतो. शिवाय तिरक्या दांड्याची जाडी मोजणं आणि दोन अक्षरांत ती सारखी ठेवणं कठीण होतं. म्हणून क्रम पक्का: आधी अरुंद आणि ठळक, उभ्या रूपात. कल शेवटी.

पाया (अक्षर टेकतं ती रेघ) ० वर, शिरोरेषेचा वरचा काठ ६८० वर. वरच्या मात्रांसाठी २८० आणि खालच्या उकारांसाठी २६० युनिट राखून ठेवा. सुरुवात व, क, र, ण, ह, ळ या सहा अक्षरांनी करा. ‘व’मधून एका दांड्याच्या अक्षरांची रुंदी ठरते. ‘क’मधून मधल्या दांड्याच्या, ‘र’ आणि ‘ह’मधून बिनदांड्याच्या अक्षरांची. ‘ण’मध्ये उभ्या रेघांची गर्दी होते. ‘ळ’ला दोन पोकळ्या शेजारी शेजारी असतात आणि मराठीत हे अक्षर टाळता येत नाही. ही सहा जमली की बाकीची त्यांच्यामागून येतात.

शून्यातून सुरुवात करायची नसेल तर मुळातच अरुंद असलेला फॉन्ट घ्या. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे तेको आणि खंड, तसंच मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ हे तिन्ही मुक्त परवान्यात मिळतात. ‘अनेक’ला रुंदीचा अक्ष (रुंदी कमी-जास्त करायची सोय) आहे, तो ७५ टक्क्यांपर्यंत उतरतो. तिघांनाही तिरकं रूप नाही. ते तुम्हालाच घडवायचं आहे. बदललेला फॉन्ट पुढे वाटणार असाल तर परवान्याची प्रत सोबत ठेवा आणि मूळ नाव राखीव असेल तर वेगळं नाव द्या.

३. रुंदी कुठून काढायची

अरुंद करायचं म्हणजे दांडा बारीक करायचा नाही, पोकळी आणि वळणं आवळायची. गोल वाटीचं, म्हणजे ‘व’च्या पोटासारख्या गोल भागाचं, रूपांतर उभट वाटीत करा: बाजू जवळजवळ सरळ, वळण फक्त वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात. दाबलेल्या वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं, त्याच्या बाजू फुगीर राहतात आणि शेजारच्या दांड्याला खेटतात.

एक चालणारं माप असं: ‘व’साठी वाटीची रेघ ११०, पोकळी १००, दांडा १२०, दोन्ही बाजूंची जागा मिळून ५०, एकूण ३८०. ‘क’साठी सुमारे ५००. ‘क’ला ‘व’एवढ्याच रुंदीत कोंबू नका, त्याच्या दोन्ही पोकळ्या मरतात. ‘ळ’ला ‘क’पेक्षाही थोडं जास्त द्या. सगळी अक्षरं एका मापाची करण्याचा हट्ट धरला की मजकूर काठ्यांच्या रांगेसारखा दिसतो आणि वाचताना दमवतो.

गाठींचा निर्णय एकदाच घ्या. न, म, भ यांच्या गाठी या जाडीला उघड्या राहत नाहीत, त्या भरीव करणं बरं. पण मग सगळ्याच भरीव. ‘म’ची गाठ उघडी आणि ‘भ’ची बंद असं मिश्रण शीर्षकात लगेच खुपतं.

सावध: अरुंद टाइपमध्ये काही जोड्या एकमेकींत मिसळतात. भ-म आणि ध-घ यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेतल्या खंडाचा. तो खंड तुमच्या किमान पोकळीपेक्षा कमी झाला की ‘धार’चं ‘घार’ होतं. थ-य मध्ये डाव्या टोकाचा वळसा जपा. ‘ख’मध्ये खालचा जोड सुटला तर लोक ‘रव’ वाचतात. या चार ठिकाणी रुंदी १५-२० युनिट जास्त गेली तरी चालेल.

४. जाडी

दांडा १२० धरला तर शिरोरेषा ९० ते ९५ ठेवा. शिरोरेषा सलग धावते, त्यामुळे दांड्याएवढी जाड केली तर ती दांड्याहून जड भासते. वाटीचा खालचा आडवा भाग ८५-९०.

गर्दीच्या अक्षरांत दांडा बारीक करायला घाबरू नका. ण, क्ष, ज्ञ, झ, छ यांच्यात ११०-११२ चा दांडा डोळ्यांना १२०च वाटतो. वाटी जिथे दांड्याला मिळते तिथे रेघ ६०-६५ पर्यंत उतरवा, नाहीतर त्या सांध्यात काळा डाग दिसतो आणि छापताना शाई साचते.

जाडी आउटलाइन किंवा ऑफसेटने आणू नका. ऑफसेट सगळीकडे सारखा वाढतो. इथे आडव्या आणि उभ्या रेघा वेगवेगळ्या प्रमाणात वाढायला हव्यात.

तपासणी: ‘वणवण कळकळ’ हे शब्द छापा आणि दोन मीटरवरून डोळे किलकिले करून पाहा. काळेपणा सलग दिसला पाहिजे. एखादं अक्षर डागासारखं उठून दिसलं तर आत्ताच दुरुस्त करा. कल दिल्यावर हे काम दुप्पट होतं.

५. कल द्या, सगळ्यांना एकाच उंचीवरून

देवनागरीला ८ ते १० अंश पुरे. शिरोरेषेची लांब आडवी रेघ शेजारी असल्यामुळे दांड्याचा कल चटकन जाणवतो. १५ अंशांना शब्द पडतोय असं वाटायला लागतं. खालची उदाहरणं ९ अंशांची आहेत.

कलाचा बिंदू, म्हणजे कल देताना जिथे अक्षर जागचं हलत नाही ती उंची, पायावर ठेवू नका. पायावरून कल दिला तर शिरोरेषा उजवीकडे १०८ युनिट सरकते, पण अक्षराची चौकट जागच्या जागी राहते. मग प्रत्येक शब्द उजवीकडे ढळलेला दिसतो, चौकटीत किंवा मध्यरेषेवर बसवताना त्रास होतो. बिंदू शिरोरेषेच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे ३४० वर ठेवा. वरचा भाग ५४ उजवीकडे जातो, पाया ५४ डावीकडे, तोल राहतो.

मात्रा, अनुस्वार, रफार, उकार यांनाही हाच ३४० चा बिंदू लावा. सॉफ्टवेअरमध्ये सगळं निवडून तिरकं केलं आणि बिंदू ‘आकाराचा मध्य’ असा राहिला, तर प्रत्येक चिन्ह स्वतःभोवती झुकतं आणि जागा सोडत नाही. ९४० उंचीवरचा अनुस्वार खरं तर ९५ युनिट उजवीकडे जायला हवा आणि -२०० वरचा उकार ८५ डावीकडे. दोघांत मिळून १८० युनिटांचा फरक पडतो. अनुस्वार डावीकडे आणि उकार उजवीकडे लोंबकळताना दिसला की चूक इथेच आहे.

सावध: शिरोरेषेची टोकंही आता तिरकी कापली गेलेली असतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात ५ ते १० युनिट शिरली पाहिजे. एखाद्या अक्षराचं टोक सरळ कापलेलं राहिलं, तर जोडावर त्रिकोणी खाच दिसते. पडद्यावर ती कळत नाही, दहा फुटी फ्लेक्सवर कळते.

६. कल दिल्यानंतरची दुरुस्ती

बहुतेक जण पाचव्या पायरीवर थांबतात. यंत्राने दिलेला कल हा कच्चा माल आहे. आडव्या छेदातली जाडी तीच राहते, पण रेघेची दिशा बदलल्यामुळे खरी जाडी बदलते. खालून डावीकडून वर उजवीकडे जाणाऱ्या रेघा अधिक आडव्या पडतात आणि बारीक होतात. वरून डावीकडून खाली उजवीकडे येणाऱ्या रेघा उभ्या होतात आणि जाड होतात. यावरून कुठे हात घालायचा ते कळतं.

प्र, क्र, ग्र यांतली खालची तिरपी रेघ बारीक होऊन डावीकडे पसरते. ती जाड करा आणि थोडी आखूड करा, नाहीतर आधीच्या अक्षराच्या उकाराला अडते. हलन्ताची रेघ उलट जाड आणि उभी होते, तिला पातळ करून पुन्हा आडवं पाडा. ‘र’ आणि ‘स’चा खाली येणारा पाय ताठरतो, त्याला थोडा उजवीकडे ओढला नाही तर ‘र’ मागे कलंडल्यासारखा दिसतो. एक मात्रा आणि दोन मात्रा डावीकडे झुकलेल्या असतात, कलामुळे त्या जवळपास उभ्या होतात. त्या पुन्हा डावीकडे झुकवा, नाहीतर ‘के’ची मात्रा लहान आकारात रफारासारखी भासते.

वाट्यांमध्ये वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाड होतो, समोरासमोरचे दुसरे दोन भाग पातळ होतात. ठ, ढ, ट, द यांत हे सर्वांत उघड दिसतं. वळणाचे बिंदू पुन्हा सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या जागी आणून हाताने तोल साधा. उभ्या दांड्यांची खरी जाडी फक्त सव्वा टक्क्याने घटते, त्यांना हात लावायची गरज नाही.

७. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं

पहिल्या वेलांटीची कमान पुढच्या अक्षराच्या दांड्यावर येऊन टेकली पाहिजे. अरुंद टाइपमध्ये अक्षरांच्या रुंदीतला फरक कमी असतो, त्यामुळे साध्या अक्षरांना तीन ते चार लांबींच्या वेलांट्या पुरतात. ‘स्थि’, ‘ष्ट्रि’, ‘क्ति’ यांसाठी आणखी दोन लांब लागतात. कलामुळे कमानीचं टोक उजवीकडे सरकलेलं असतं. म्हणून उभ्या टाइपच्या जोड्या तशाच उचलू नका, पुन्हा मोजा.

रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले की जागा संपते. ‘मूर्तीं’मधला ‘र्तीं’ तीन सुटी चिन्हं रचून बसत नाही. दुसरी वेलांटी-रफार, दुसरी वेलांटी-अनुस्वार आणि तिन्ही मिळून अशी जोडचिन्हं वेगळी काढा. रु, रू, हृ, श्र यांचे स्वतंत्र आकार हवेतच.

मराठीसाठी ‘दुसऱ्या’मधला ऱ्य, ॲ, आणि ल-श यांची मराठी वळणं विसरू नका. ती फॉन्टमध्ये असूनही अनेकदा दिसत नाहीत, कारण मजकुराची भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिलेली असते. शक्य असेल तर मराठी वळणंच फॉन्टमधल्या मूळ अक्षराच्या जागी ठेवा.

फॉन्टची माहिती भरताना दोन गोष्टी. ओपनटाइप फॉन्ट-फाइलच्या ‘पोस्ट’ या माहितीच्या तक्त्यात उजवीकडच्या कलाचा आकडा ऋण असतो, म्हणजे इथे -९. काही सॉफ्टवेअर स्वतःच्या पटलावर धन आकडा मागतात. तयार झालेली फाइल उघडून खात्री करा. आणि शैलीचं नाव ‘रेग्युलर’ देऊ नका, ‘बोल्ड इटॅलिक’ द्या. ‘रेग्युलर’ ठेवलं की कुणीतरी तिरक्याचं बटण दाबतं. ब्राउझरचा कृत्रिम कल १४ अंशांचा असेल तर ९ आणि १४ मिळून अक्षर सुमारे २२ अंशांवर जातं. वेबसाइटवर हा कृत्रिम कल देणारी ‘फॉन्ट-सिंथेसिस’ ही सोय बंद ठेवा.

८. चाचणी लोकलच्या फलकांवरून

वेगळी चाचणीयादी शोधायची गरज नाही, मुंबईच्या स्थानकांची नावं पुरेशी आहेत. ‘सँडहर्स्ट रोड’मध्ये चंद्रबिंदू आणि जोडाक्षरावरचा रफार आहे. ‘किंग्ज सर्कल’मध्ये वेलांटी-अनुस्वार. ‘कुर्ला’त खाली उकार आणि कान्यावर रफार. ‘मुंब्रा’त अनुस्वार, उकार आणि रकार अगदी जवळ. ‘विक्रोळी’, ‘चिंचपोकळी’, ‘भायखळा’ यांतून ‘ळ’ची रुंदी कळते. ‘जोगेश्वरी’, ‘घाटकोपर’, ‘प्रभादेवी’ही घ्या. यात न येणारं ‘महत्त्व, युद्ध, उद्योग, ब्रह्म, लक्ष, विज्ञान, दृष्टी, ॲप’ एका ओळीत जोडा.

तपासणी: प्रत्येक नाव तीन आकारांत छापा, पहिल्या पायरीवर लिहिलेला सर्वांत लहान आकार, त्याच्या तिप्पट आणि दहापट. मग कागद उलटा धरा. उलट्या कागदावर नजर वाचनात अडकत नाही, आणि रिकाम्या-गर्दीच्या जागा सरळ दिसतात.

९. शीर्षक बसवताना

अक्षरांमधली जागा वाढवू नका. रोमन अक्षरांना ते चालतं, इथे शिरोरेषा तुटते. शब्द लांबवायचा असेल तर आकार वाढवा. हा टाइप तीन-चार शब्दांचा आहे. पत्ता, वेळ, प्रायोजकांची नावं साध्या उभ्या टाइपमध्ये द्या.

ओळींमधलं अंतर आकाराच्या १२५ ते १३० टक्के धरा. वरच्या ओळीत उकार नसतील आणि खालच्या ओळीत वेलांट्या नसतील तर १०५ पर्यंत आवळता येतं, पण हे शब्द बघून ठरतं. दोन ओळी डावीकडे जुळवल्या असतील तर खालची ओळ थोडी आणखी डावीकडे न्या. दोन ओळींच्या पायांमधलं अंतर १०० मिमी असेल तर ९ अंशांना १६ मिमी. मग दोन्ही ओळींची डावी कड एकाच कलात येते.

शीर्षक वर चढतं दाखवायचं असेल तर ते फिरवू नका. ९ अंशांचं अक्षर डावीकडे ६ अंश फिरवलं की दांड्याचा कल ३ अंश उरतो आणि सगळा जोर जातो. त्याऐवजी उभ्या दिशेने स्क्यू करा (तिरकं ताणा): शिरोरेषा चढते, दांडे जवळपास ९ अंशांवरच राहतात.

१०. छपाईला देताना

मजकूर टाइप करताना इलस्ट्रेटर, इनडिझाइन किंवा फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जोडणारी सोय) सुरू आहे का ते आधी पाहा. नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं सुटतात. भाषा मराठी निवडा.

फ्लेक्सच्या दुकानात बरंच काम अजून श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टवर चालतं, तुमचा फॉन्ट तिथे असेलच असं नाही. अक्षरांचे कर्व्ह करून (टाइप केलेली अक्षरं नुसत्या आकारांत बदलून) फाइल द्या, आणि कर्व्ह केल्यावर शिरोरेषेचे जोड एकजीव करा: कोरलड्रॉमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. हे राहिलं तर व्हिनाइल कटर प्रत्येक जोडावर शिरोरेषा कापतो, आणि पांढरी किनार दिली असेल तर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात पांढरी रेघ उमटते. किनार नेहमी वेल्डनंतर, अक्षराच्या मागे, आणि कोपरे गोल ठेवून द्या. टोकदार कोपऱ्यांनी तिरक्या शिरोरेषेच्या टोकाला काटे फुटतात.

मूळ, टाइप केलेल्या मजकुराची फाइल वेगळी जपून ठेवा. आणि पूर्ण बॅनर छापण्याआधी सर्वांत गर्दीच्या शब्दाचा एक फुटी तुकडा खऱ्या मापात छापून घ्या, मग तो खऱ्या अंतरावरून पाहा.